आधी नाव, मग भाव

रत्नागिरीच्या पंचक्रोशीत एखादे जुने घर उतरवावयास काढले, म्हणजे त्याची वार्ता मुंबईच्या भाऊबंदांच्या आधी भंगारवाल्याला, आणि भंगारवाल्याच्याही आधी जुन्या वस्तूंच्या दलालाला कशी पोहोचते, हे एक गूढच आहे. कौले अजून जागची हललेली नसतात, वाशांवरची पिढ्यान्‌पिढ्यांची काजळी अजून झटकलेली नसते, तोच जांभ्याच्या गडग्याशी एक टेम्पो येऊन उभा राहतो, आणि त्यातून उतरलेला मनुष्य पाणी मागण्याच्या निमित्ताने अंगणातून पडवीत, पडवीतून ओटीवर आणि ओटीवरून माजघरात अशा सावकाश क्रमाने आत येत, जे डोळ्यांनी टिपावयाचे ते टिपून घेतो. झोपाळ्याच्या पितळी कड्या, तांब्याचा हंडा, न्हाणीघरातले घंगाळ, फणसाच्या लाकडाचे पाट, पानाच्या डब्यातला नक्षीदार अडकित्ता, देवघरातला लामणदिवा, रविवर्म्याच्या छापखान्यातून निघालेली, काचेला बुरशी धरलेली लक्ष्मीची तसबीर, हे सर्व त्याच्या नजरेखालून जाते; आणि मग तो अत्यंत कंटाळल्या स्वरात विचारतो, “आजी, मोड काय आहे का?”

ह्या माणसाच्या चेहऱ्याचे मला नेहमीच नवल वाटत आले आहे. त्याला जे हवे असते त्याच्याकडे तो शेवटपर्यंत पाहत नाही, फुटक्या बादलीची किंमत विचारतो, गंजलेल्या पत्र्याविषयी घासाघीस करतो, नको असलेल्या दोन जिनसांवर चार रुपये उदारपणे वाढवूनही देतो, आणि सौदा मिटून पैसे मोजून झाल्यावर, जाता जाता आठवण झाल्यासारखे करून, “हा दिवा पण टाकू का त्यात?” असे म्हणून लामणदिवा उचलतो. काट्यावर त्या दिव्याचे पितळ इतर पितळाइतकेच भरते आणि त्याला भावही मोडीचाच मिळतो. त्याच्या साखळीवरचा मोर, ज्या कारागिराने तो घडविला त्याचा हात, ज्या घरात तो तेवत राहिला त्या घराच्या संध्याकाळी, ह्यांपैकी काहीही किलोच्या हिशेबात येत नाही. ह्या धंद्यात पैसा, टेम्पो आणि ओळखीपाळखी लागतातच. परंतु मूळ भांडवल म्हणावयाचे तर ती ही उदासीनता होय, आणि ती कमवावयास बरीच वर्षे लागत असावीत.

दलालाला दोष देणे सोपे आहे; तो पोटासाठी करतो. माझ्या परिचयाचे एक सुशिक्षित, सुस्थित आणि इतर सर्व व्यवहारांत अत्यंत सचोटीचे गृहस्थ आहेत, ज्यांच्या दिवाणखान्यात असाच एक दिवा टांगलेला आहे, आणि तो किती अल्प मोलात मिळाला ही कथा ते येणाऱ्याजाणाऱ्यास चहाबरोबर देत असतात. एकदा मी त्यांना भीत भीत छेडले, तेव्हा ते म्हणाले, “अहो, मी काय दरोडा घातला? त्या बाईंनी तोंडाने जो भाव सांगितला तो दिला, एक पैसादेखील कमी केला नाही. हे दिवे ओळखायला शिकण्यात माझी उभी हयात गेली. माझ्या नजरेला काही मोल आहे की नाही?” प्रश्न बिनतोड होता. जो मनुष्य घासाघीस करीत नाही तो अन्यायही करीत नाही, अशी आपली एक भोळी समजूत असते. वस्तुतः जेथे विक्रेत्याने मागितलेली किंमतच शतांशाने असते, तेथे ती मुकाट्याने देऊन टाकण्यात औदार्याचा भास तेवढा उत्पन्न होतो.

विलायतेत ह्याच प्रश्नाला एक निराळे रूप आले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, ग्रीसमधील दुष्काळपीडितांच्या साहाय्यार्थ ऑक्सफर्ड येथे जी समिती स्थापन झाली आणि जी पुढे ऑक्सफॅम ह्या नावाने जगद्विख्यात झाली, तिने त्या दशकाच्या अखेरीस तेथील ब्रॉड स्ट्रीटवर एक दुकान थाटले. लोकांनी घरातल्या नकोशा वस्तू तेथे आणून द्याव्या, स्वयंसेवकांनी त्या विकाव्या आणि आलेले द्रव्य आर्तांच्या कामी लावावे, अशी ती योजना. आज तिकडच्या लहानमोठ्या गावांतून निरनिराळ्या संस्थांची अशी धर्मार्थ दुकाने आढळतात, आणि तिकडे स्थायिक झालेली आपली मराठी मंडळीही तेथे हौसेने जातात. ही दुकाने चालविणारे बहुधा निवृत्त, परोपकारी, परंतु चिनी मातीच्या भांड्यांचे किंवा पहिल्या आवृत्त्यांचे ज्ञान नसलेले लोक असतात. त्यामुळे जाणत्याच्या हाती कवडीमोलाने रत्न लागण्याचा संभव तेथे नित्य असतो. दात्याने वस्तू फुकट दिली आणि विकणाऱ्याची तीत काही गुंतवणूक नाही. मग हानी झाली कोणाची? तर जो त्या दुकानात कधी येणार नाही, ज्याला ह्या सौद्याची वार्ताही लागणार नाही, अशा दूरदेशीच्या एखाद्या भुकेल्या माणसाची. व्यवहार दोघांत होतो आणि नुकसान तिसऱ्याचे होते.

आपल्याकडे असली दुकाने फारशी नाहीत. परंतु धर्मार्थ विक्रीची एक फार जुनी रीत मात्र आहे, आणि तिची नीती ह्याच्या नेमकी उलट आहे. उत्सवाच्या समाप्तीस देवापुढचा नारळ, केळीचा घड, देवीच्या अंगावरचे लुगडे ह्यांचा देवळाच्या सभामंडपात लिलाव पुकारला जातो. गोव्यात ह्यालाच पावणी म्हणतात. बाजारात जो नारळ कोणीही थोडक्या पैशात आणील, तो तेथे शेकड्यांच्या बोलीवर जातो, आणि ज्याच्या पदरात पडतो तो फसल्यासारखा मुळीच दिसत नाही. उलट फेट्याचे टोक सावरीत, चार लोकांकडे पाहत तो पुढे होतो. देवाचा नारळ मी स्वस्तात पटकावला अशी फुशारकी मारणारा मनुष्य माझ्या ऐकिवात नाही. हे सर्व भक्तीच असते असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. गावातली प्रतिष्ठा, मागल्या वर्षी बोली जिंकलेल्या वाडीवर करावयाची कुरघोडी, ह्या गोष्टीही तीत असतातच. तथापि ज्या पैशाचा अंतिम धनी डोळ्यांपुढे नाही त्याच्या बाबतीत आपला हात आखडता नसावा, हा विवेक त्या रीतीत मुरलेला आहे. आणि कोकणातल्या जुन्या घराचा धनीसुद्धा पुष्कळदा असाच अदृश्य असतो. सातबाऱ्यावर हयात आणि मयत अशी एक लांबलचक नामावळी असते. हिस्सेदार गिरगावातून डोंबिवलीस आणि डोंबिवलीहून परदेशी गेलेले असतात. आणि सर्वांच्या वतीने, कोणतेही मुखत्यारपत्र नसता, दारात उभी असते ती एकटी, ऐकू कमी येणारी एक वृद्ध काकू. तिच्याकडून जो दिवा घेतला तो तिच्या एकटीचा नव्हताच.

विचार करू जाता मला असे दिसते, की मोलाची वस्तू अल्प मोलात सुटण्याची कारणे तीन आहेत आणि त्या तिहींची नीती एक नव्हे. पहिले कारण अनास्था. स्टेनलेस स्टीलची भांडी घरोघर आली तेव्हा राखचिंचेने घासघासून हात झिजलेल्या बायकांनी तांब्यापितळेची भांडी आनंदाने मोडीत घातली, आणि त्यांच्या त्या आनंदाला नावे ठेवण्याचा अधिकार ज्यांनी जन्मात कधी हंडा घासला नाही अशा आम्हां पुरुषांना मुळीच नाही. त्यांना वस्तू ठाऊक होती, तिचा भाव ठाऊक होता, आणि ती नको होती. अशा ठिकाणी घेणाऱ्याकडे फारसे काही देणे लागत नाही. फार तर, “काकू, पुन्हा एकदा मुलांना विचारून बघा,” एवढे एक वाक्य तो देणे लागतो.

दुसरे कारण अडचण. आणि तिचा विचार करण्यास रत्नागिरीइतके योग्य स्थळ शोधून सापडणार नाही. १८८५ साली मंडाले पडले, ब्रह्मदेशाचे राज्य इंग्रजांनी खालसा केले आणि राजा थिबा ह्यास राणी सुपयालत व परिवारासह १८८६ साली येथे आणून ठेविले. ज्या राजवाड्यावरून आज आमच्या गावाची ओळख सांगितली जाते तो १९१० साली बांधून झाला. तोवरची वर्षे त्याने सरकारने दिलेल्या बंगल्यांत काढली, आणि राजवाड्यातही पुरती सहा-सात वर्षे गेली न गेली तोच १९१६ साली तो निवर्तला. तनखा ठरलेला, इतमाम राजाचा, हिशेबाची सवय नाही, आणि बरोबर आणलेली माणके तेवढी पेटीत. ती एकेक करून बाहेर निघू लागली आणि व्यापाऱ्यांच्या व सावकारांच्या हाती त्यांच्या योग्यतेहून पुष्कळच कमी किमतीस जाऊ लागली. येथे विकणारा अजाण नव्हता. माणकांच्या खाणींचा जो धनी होता त्यास माणकाची पारख कोणी शिकवावी? परंतु विकत घेणाऱ्यास त्याची निकड ठाऊक होती, आणि बाजारात दुसरे गिऱ्हाईक नाही हेही ठाऊक होते. ज्या साम्राज्याने त्याचे सगळे राज्य एका झटक्यात फुकट घेतले त्याच्या तुलनेत ह्या सावकारांचे पाप ते किती, असे कोणी म्हणेल, आणि ते खोटे नाही. परंतु मोठ्याने लुटलेल्या माणसास लहानाने पुन्हा लुटण्याची मुभा मिळते, असे काही त्यावरून सिद्ध होत नाही. अडलेल्या विक्रेत्याला वस्तूचे मोल सांगून उपयोग नसतो, कारण ते तो जाणतोच; त्याला हवी असते मुदत. माणूस खरोखर भला असेल तर तो अशा वेळी खरेदीऐवजी गहाण घेईल, आणि दस्तऐवजात सोडवून नेण्यास पुरेसा अवधी घालील.

तिसरे कारण अज्ञान, आणि खरा पेच येथेच आहे. हा पेच आजचा नव्हे. इसवी सनापूर्वी ४४ ह्या वर्षी रोमन वक्ता सिसेरो ह्याने आपल्या मुलासाठी कर्तव्यविषयक जो ग्रंथ लिहिला त्यात, ज्या प्रश्नांवर स्टोइक पंथाच्या आचार्यांचेही एकमत होत नसे अशांत, हाच प्रश्न त्याने नोंदला आहे: एखादा मनुष्य सोने विकीत असून ते पितळ आहे अशी त्याची समजूत असेल, तर सज्जनाने त्याला ते सांगावे, की सहस्र मुद्रांची वस्तू एका मुद्रेस घेऊन चालू लागावे? आपला १८७२ चा कराराचा कायदा ह्या बाबतीत मोठा चतुर आहे. त्यात असा एक दाखला दिलेला आहे, की हजार रुपयांचा घोडा एखाद्याने दहा रुपयांस देण्याचे कबूल केले आणि त्याची संमती निर्वेध असेल, तर मोबदला अपुरा असूनही करार वैध होय. आणि लगेच पुढे असेही म्हटले आहे, की तोच मनुष्य संमती निर्वेध नव्हती असे म्हणू लागला, तर न्यायालयाने मोबदल्याचा तो अपुरेपणा विचारात घ्यावा. कपटाची व्याख्या करतानाही कायदा म्हणतो, की नुसते गप्प बसणे हे कपट नव्हे. मात्र परिस्थितीमुळे बोलणे हे कर्तव्य झाले असेल, अथवा गप्प बसणे हे बोलण्याच्याच तोडीचे असेल, तर गोष्ट वेगळी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तूंसंबंधीचा १९७२ चा कायदा आहे तो, वस्तू देशाबाहेर जाऊ नये आणि परवान्याशिवाय तिचा व्यापार होऊ नये, ह्याची चिंता वाहतो. ती कोणाच्या माजघरातून कोणत्या भावाने निघाली ह्याची चौकशी त्याच्या कक्षेत येत नाही.

जे कायद्याच्या कक्षेत येत नाही ते कथेच्या येते. पाली जातकांत तिसरीच कथा सेरिव राज्यातल्या दोन फेरीवाल्यांची आहे. एका मोडलेल्या श्रेष्ठीच्या घरी एक मुलगी आणि तिची आजी, एवढीच माणसे उरली आहेत. मुलीला दारावर आलेल्या फेरीवाल्याकडचा एक दागिना हवा आहे, आणि देण्यास घरात काळवंडलेल्या एका जुन्या थाळीवाचून काही नाही. फेरीवाला सुईने थाळीच्या पाठीवर रेघ ओढतो, सोने ओळखतो, आणि फुकटात मिळविण्याच्या आशेने, “ही अर्ध्या माशाचीही नाही,” असे म्हणून ती जमिनीवर फेकून निघून जातो. मागाहून दुसरा येतो, तो थाळी पाहून म्हणतो, “माई, ही लाखाची आहे, एवढे द्रव्य माझ्यापाशी नाही.” आजी म्हणते, तुझ्या पुण्याईनेच ही सोन्याची झाली असेल, असेल ते दे आणि घेऊन जा. तो जवळचे पाचशे कार्षापण आणि पाचशेंचा माल देतो, नावेच्या भाड्यापुरते आठ तेवढे मागून घेतो, आणि थाळी घेऊन नदीपार होतो. पहिला परत येऊन हे ऐकतो तेव्हा त्याचे हृदय विदीर्ण होते.

ही कथा लोभाचे फळ दाखविण्यासाठी सांगतात. परंतु हिशेब करू गेल्यास तीत दोन गोष्टी चमत्कारिक आढळतात. ज्याला कथा पापी ठरविते त्याने त्या घरातून काहीच नेले नाही. आणि ज्याला पुण्यवान म्हणजे साक्षात बोधिसत्त्व ठरविते, त्याने लाखाची वस्तू हजारात, अर्थात शंभराव्या हिश्श्यात, नेली. तेव्हा पापपुण्याची वाटणी किमतीवरून झालेली नाही हे उघड आहे. पहिल्याचा अपराध हा, की त्याने त्या आजीला तिच्याच वस्तूविषयी खोटे सांगितले, आणि ती जमिनीवर फेकून तिच्याच नजरेत उतरविली. दुसऱ्याचे पुण्य हे, की त्याने भावाच्या आधी वस्तूचे खरे नाव उच्चारले, मग स्वतःची ऐपत सांगितली, आणि निवाडा तिच्यावर सोडला. थिबा गादीवर येण्यापूर्वी मंडालेच्या विहारात पाली ग्रंथांचे अध्ययन करीत होता आणि १८७७ साली तेथील कठीण परीक्षेत त्याने यशही मिळविले होते. ही कथा त्याच्या कानांवरून गेली नसेल हे संभवत नाही. रत्नागिरीत पेटी उघडताना समोर बसलेला मनुष्य ह्या दोहोंपैकी कोणता, हे तो मनात ताडीत असेल काय?

आता माझ्या स्नेह्यांच्या नजरेच्या मोलाकडे वळतो, कारण त्या प्रश्नाला बगल देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. ते दिवा नेते ना, तर तो भट्टीत जाता. हे सत्य आहे. पुण्यास दिनकर गंगाधर केळकरांनी आयुष्यभर वाडे पालथे घालून दिवे, अडकित्ते, दौती, दरवाजे, वाद्ये गोळा केली नसती, तर महाराष्ट्राच्या गृहजीवनाचे फारच थोडे आज पाहावयास मिळाले असते. आणि तो सारा संग्रह त्यांनी, अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्याला देऊन, १९७५ साली महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. पारख ही खरोखरीच एक विद्या आहे आणि विद्येला दक्षिणा असावी ह्याविषयी माझे दुमत नाही. परंतु वैद्य आपल्या विद्येची दक्षिणा घेतो ती रोग्याला रोगाचे नाव सांगून, आणि वकील घेतो ती पक्षकाराला त्याचा हक्क समजावून. समोरच्याच्या अज्ञानातून, त्याला अज्ञानात तसेच ठेवून, परस्पर वसूल करून घ्यावयाची दक्षिणा कोणत्याही प्रतिष्ठित व्यवसायास ठाऊक नाही. केळकरांचा संग्रह सर्वांसाठी खुला झाला, तेव्हा ज्या घरांतून वस्तू आल्या त्या घरांची नातवंडेही त्या दालनांतून हिंडू शकली. माझ्या स्नेह्यांच्या दिवाणखान्याला तसे तिकीटही नाही आणि तशी वाटही नाही.

तेव्हा माझा नियम इतकाच आहे, की आधी नाव सांगावे आणि मग भाव करावा. “काकू, हा लामणदिवा जुन्या घडणीचा आहे, मोडीत घालण्याजोगा नव्हे, मुंबईत ह्याला बरे पैसे येतात, मला मात्र एवढेच देता येतील,” असे एकदा स्पष्ट सांगून टाकल्यावर खुशाल घासाघीस करावी, वाहतुकीचा खर्च मोजावा, आपल्या नजरेचे मोलही त्यात धरावे. धर्मार्थ दुकानात गल्ल्यावर बसलेल्या स्वयंसेवकाला वस्तूचे नाव सांगणे तर याहूनही सोपे, कारण तेथे कोणाचा अपमान होण्याचीही भीती नाही. ह्या नियमाने आपण दरिद्री होऊ असे कोणास वाटत असेल तर ती भीती अनाठायी आहे, कारण सत्य सांगितल्याने किंमत वाढते ती पुष्कळदा थोडकीच. खरी धास्ती निराळी असते. नाव कळल्यावर काकू दिव्याकडे नव्याने पाहतील, पदराने त्याची साखळी पुसतील, “मग राहू दे हो, नातीच्या लग्नात देईन,” असे म्हणतील, आणि आपल्याला रिकाम्या हातांनी घाटीवरून खाली उतरावे लागेल. संग्राहक गप्प बसतो तो पैसा वाचविण्यासाठी नव्हे, तर हा नकार टाळण्यासाठी. आणि वस्तूवर ज्याचे खरे प्रेम आहे असे म्हणावयाचे, त्याला तो दिवा भट्टीत जाण्यापासून वाचला, फक्त आपल्या घरी आला नाही, एवढ्याने समाधान वाटावयास कोणतीच हरकत नसावी.